अडीच हजार फूट वजा करून

मला विमान चालवायला शिकवणाऱ्या सरांनी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी, काळी मूठ पूर्ण मागे ओढली तेव्हा अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, ५,५०० फूट दाखवत होता आणि डाव्या पंखाखालून सुळेभावीची घरे मागे सरकत होती. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला, पुढचा पंखा मात्र फिरत राहिला, आणि इतके दिवस त्या आवाजाखाली दबलेली वाऱ्याची सळसळ काचांवरून स्पष्ट ऐकू येऊ लागली. “इंजिन गेले,” एवढेच ते म्हणाले. त्या क्षणी माझ्या हातांनी, मला न विचारता, योक, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारे हातातले सुकाणू, स्वतःकडे ओढले. उंची जाते आहे तर नाक वर धरावे, अशी शरीराची समजूत असते आणि ती फार जुनी असते. वेगाचा काटा ९५ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ८०, ७०, ६० असा उतरत ५५ च्या खाली जाऊ लागला, तेव्हा सरांनी दोन बोटांनी योक पुढे ढकलले आणि विचारले, “खाली पोचायला आपल्याकडे किती वेळ आहे?”

मी मनात भागाकार केला. इंजिनाविना हे विमान मिनिटाला साधारण ७५० फूट उतरते हे मी वाचले होते, आणि ५,५०० ला ७५० ने भागले की सात येतात. मी “सात मिनिटे” म्हणाले. सर धारवाडचे, मातृभाषा कन्नड, पण मराठी आमच्याइतकीच सहज बोलणारे. ते म्हणाले, “हे साडेपाच हजार समुद्रापासूनचे आहेत, आणि समुद्र गोव्याकडे राहिला. इथे खाली सांबऱ्याचे रान आहे. ते किती उंच आहे?” सांबरा विमानतळाची उंची २,४८७ फूट, हा आकडा मला पाठ होता, मी तो परीक्षेतही लिहिला असता, पण तो अल्टिमीटरमधून वजा करण्यासाठी असतो, हे त्या दिवसापर्यंत माझ्या हाडात उतरले नव्हते. खरे तर ३,००० फूट उरले होते, म्हणजे चार मिनिटे, आणि त्यांतले जवळजवळ एक मिनिट मी नाक वर धरण्यात आणि चुकीचा भागाकार करण्यात घालवले होते.

मी बेळगावच्या शहापूर भागात वाढले, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आणि सांबऱ्याला सेस्ना १७२ एस या चार आसनांच्या विमानावर उड्डाण शिकत असताना इंजिन बंद पडल्यावरच्या उतरणीचे प्रशिक्षण घेतले. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंतच्या त्या प्रशिक्षणाविषयी मी हे लिहिते आहे, कारण आमच्या सीमाभागातून आता बरीच मुले-मुली या वाटेला येत आहेत आणि या विषयावर चार पाने मराठीत वाचायला मिळाली असती तर मला स्वतःला त्या पहिल्या दिवशी फार उपयोग झाला असता.

त्या सकाळी उतरल्यावर सरांनी मला फळ्यासमोर बसवले. इंजिन बंद पडल्यावर विमानाला पुढे नेण्याचे काम उंची करते. घाटातून न्यूट्रलमध्ये उतरणारी गाडी जशी चढणीचे ऋण फेडून घेते, तसे विमान आपली साठवलेली उंची खर्चून वेग टिकवते. ही उंची किती काटकसरीने खर्चायची हे ड्रॅगवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, अवलंबून असते, आणि ही ओढ दोन प्रकारची असते. पंख, चाके, सांगाडा हवा कापत जातात त्यातून येणारी ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तर पंखांनी लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारा जोर, निर्माण करण्यासाठी मोजावी लागणारी ओढ वेग वाढेल तशी वर्गाच्या प्रमाणात कमी होते. एक चढती आणि एक उतरती अशा या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे एकूण ओढ सर्वांत कमी असते, आणि त्या वेगाला विमान सर्वांत लांब तरंगत जाते. आमच्या विमानासाठी, १,१५७ किलोच्या कमाल वजनाला, हा वेग ६८ नॉट आहे, म्हणजे ताशी सुमारे १२६ किलोमीटर. त्या वेगाला लिफ्ट ड्रॅगच्या साधारण नऊ पट असते, आणि तोच नऊचा आकडा उतरणीचा असतो: एक फूट खाली, नऊ फूट पुढे. निर्मात्याच्या पुस्तकातला तक्ता हेच वेगळ्या शब्दांत सांगतो, की वारा नसताना, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकवता येणारे पट्टे) वर आणि पुढचा पंखा वाऱ्याने फिरत असताना, हजार फुटांत दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर, जाता येते. आधुनिक ग्लायडरचे हेच गुणोत्तर ४० च्या पुढे असते हे ऐकल्यावर आपले नऊ फारच गरीब वाटते. पण ३,००० फुटांवरून सव्वाआठ किलोमीटर म्हणजे सांबऱ्याहून बेळगाव शहराच्या कडेपर्यंतची मजल होते, आणि ती इंजिनाविना.

वजनाचा भाग मला सुरुवातीला पटेना. विमान जड असेल तर ते लवकर खाली येईल, हे खरे. पण लवकर खाली येताना ते तितक्याच प्रमाणात वेगाने पुढेही जाते, त्यामुळे शांत हवेत जड आणि हलके विमान एकाच ठिकाणी पोचते, फक्त जड विमान आधी पोचते. बदलतो तो वेग, आणि तोही वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. आम्ही दोघे आणि अर्ध्या भरलेल्या टाक्या मिळून वजन १,०२० किलोच्या आसपास असे, तेव्हा खरा उत्तम वेग ६४ नॉटच्या जवळ येतो. तरीही सर ६८ च धरायला लावत. थोडा जास्त वेग असला तर अंतर फारसे कमी होत नाही, समोरून वारा असेल तर उलट फायदाच होतो, आणि स्टॉलपासून, म्हणजे पंखांची उचल तुटते त्या मंद वेगापासून, चार नॉट अधिक दूर राहता येते, हे त्यांचे कारण मला आजही योग्य वाटते.

पण माझे समाधान फळ्यावर होईना, म्हणून सरांनी पुढच्या तीन सकाळी मला मोजायला लावले. माझ्या मते या संपूर्ण प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग हाच होता. सकाळी सातच्या आत, वारा जागा होण्यापूर्वी, आम्ही ६,५०० फुटांवर जायचो, थ्रॉटल मागे घ्यायचो, ठरलेला वेग ट्रिम करून पक्का करायचो, आणि काटा ६,५०० वरून ५,५०० वर यायला किती सेकंद लागतात ते मी स्टॉपवॉचवर पाहून गुडघ्यावरच्या वहीत टिपायची. ५५ नॉटला ८४ सेकंद लागले, ६८ ला ७१, आणि ८० ला ५५. पहिल्या दिवशी हे आकडे पाहून मी म्हणाले की ५५ च बरा, सर्वांत जास्त वेळ वर राहता येते. सर म्हणाले, “आता अंतर काढ.” तेवढ्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे वेगदर्शकावरच्या आकड्यापेक्षा खरा वेग दहा-अकरा टक्के अधिक असतो, तो धरून हिशेब केला तेव्हा ५५ ला सुमारे २,६४० मीटर, ६८ ला २,७४० आणि ८० ला २,५२० मीटर आले. हवेत जास्तीत जास्त वेळ राहण्याचा वेग एक आणि जास्तीत जास्त दूर जाण्याचा वेग दुसरा, ही गोष्ट मी पुस्तकात दोनदा वाचून पुढे गेले होते. माझ्याच अक्षरातल्या तीन ओळींनी ती मला कायमची कळली.

मग सरांनी त्याच आकड्यांत समोरून २० नॉटचा वारा घालायला सांगितला. ५५ नॉटची मजल २,६४० मीटरवरून पावणेदोन किलोमीटरवर आली, ६८ ची दोन किलोमीटरवर, आणि ८० ची जवळजवळ तितकीच, १,९५० मीटर. शांत हवेत सर्वांत मागे असलेला ८० नॉट समोरच्या वाऱ्यात ६८ च्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, आणि हळू जाणारा सर्वांत जास्त मार खाऊन गेला, कारण तो वाऱ्यात अधिक वेळ राहतो. तोच वारा पाठीशी घेतला तर ६८ नॉटला हजार फुटांत जवळजवळ साडेतीन किलोमीटर जाता येते. म्हणजे एकाच उंचीवरून, एकाच वेगाने, एका दिशेला दोन किलोमीटर आणि दुसऱ्या दिशेला साडेतीन. आपल्याकडे पश्चिमेचा वारा घाटावरून येतो, उन्हाळ्यात दुपारनंतर जोर धरतो आणि पावसाळ्यात तर दिवसभर थांबत नाही. त्यामुळे विमानाभोवती कल्पनेने काढलेले पोहोचण्याचे वर्तुळ बेळगावच्या आकाशात क्वचितच गोल असते. ते पूर्वेकडे ओढलेले अंडाकृती असते, आणि वैमानिक त्याच्या मध्यावर नसून पश्चिमेच्या टोकाजवळ असतो. मी पुढे प्रत्येक उड्डाणाच्या आधी हे अंडे वहीत काढू लागले.

एक दुरुस्ती इथे सांगितली पाहिजे. आम्ही मोजले ते इंजिन मंद गतीवर ठेवून. इंजिन खरोखर बंद पडले की पुढचा पंखा वाऱ्याच्या जोरावर फिरत राहतो आणि त्या निकामी इंजिनाला फिरवण्याचे काम विमानाच्या उंचीतून वसूल करतो, त्यामुळे खरी उतरण सरावातल्या उतरणीपेक्षा थोडी अधिक तीव्र असते. पंखा पूर्ण थांबला तर ओढ कमी होते हे खरे आहे, पण तो थांबवण्यासाठी वेग स्टॉलच्या जवळ आणावा लागतो, आणि कमी उंचीवर तो व्यवहार परवडत नाही. सरांनी माझ्या वहीतल्या प्रत्येक अंतरातून दहावा भाग वजा करायला लावला आणि ते आकडे मी लाल शाईने लिहिले.

आपण कुठवर जाऊ शकतो हे कळले, तरी कुठे उतरायचे हा प्रश्न उरतोच, आणि त्यात मी वाईट रीतीने चुकत होते. दुसऱ्या आठवड्यात मी मोठ्या विश्वासाने एक हिरवेगार, सपाट, मऊ शेत निवडले. सरांनी विमान त्याच्यावरून नेले तेव्हा तो उभा ऊस निघाला. त्या रविवारी मी यळ्ळूरला मामांकडे गेले आणि त्यांना राजहंसगडावर घेऊन गेले, कारण मला वरून शिवार वाचायला शिकायचे होते आणि ते शिवार पायांनी ओळखणारे माझ्या माहितीतले ते एकमेव माणूस होते. गडाच्या तटावरून खाली पाहिले की शेते जशी दिसतात, तशीच ती उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात विमानातून दिसतात. मामांनी बोटाने एकेक दाखवले. यळ्ळूरच्या काळ्या रानात भाताच्या कापणीनंतर पेरलेला मसूर बुटका असतो, वरून त्याची हिरवळ फिकट आणि तिच्यातून माती दिसणारी. ऊस गडद, आणि त्याच्या कडेला सावलीची जाड पट्टी पडते, ती त्याची उंची सांगते. “अगे, हिरवं दिसतंय खरं, मऊ नव्हं ते,” मामा म्हणाले. “आत शिरलेला माणूस दिसत न्हाई त्यात.”

त्यांनी सांगितलेल्या आणखी तीन गोष्टी मला कोणत्याही पुस्तकात मिळाल्या नव्हत्या. शेतात एकटेच झाड किंवा झाडांचा झुपका दिसला तर तिथे बहुधा विहीर असते. विहीर असेल तर पंप असतो, पंप असेल तर विजेचा खांब असतो, आणि खांब असेल तर तारा असतात, ज्या वरून दिसत नाहीत. तारा शोधायच्या नाहीत, खांबांची रांग शोधायची. दुसरी गोष्ट उताराची. आकाशातून सगळी जमीन सपाट भासते. पण ओढा कुठून वाहतो आणि बांध कोणत्या बाजूला दाट आहेत हे पाहिले की पाणी कुठे जाते ते कळते, आणि पाणी कळले की उतार कळतो. वारा आड येत नसेल तर चढाच्या दिशेने उतरावे, हे सर सांगत. चढ ओळखायचा कसा, हे मामांनी सांगितले. तिसरी गोष्ट बांधांची. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात भातशेतीचे वाफे पायऱ्यापायऱ्यांनी असतात आणि प्रत्येक पायरीचा बांध पुढचे चाक मोडायला पुरेसा असतो. सांबऱ्याच्या पूर्वेला जमीन काळी होत जाते तसे पट्टे लांब होतात.

हे लांबीचे गणित मी त्याच रात्री केले. निर्मात्याच्या पुस्तकाप्रमाणे, समुद्रसपाटीला प्रमाण तापमानात, पूर्ण फ्लॅप लावून आणि शॉर्ट फील्ड, म्हणजे आखूड जागेत उतरण्याच्या, पद्धतीने उतरल्यावर आमचे विमान १७५ मीटर धावून थांबते, आणि ५० फूट उंचीचा अडथळा ओलांडून उतरायचे असेल तर एकूण ४०७ मीटर लागतात. एक एकर जमीन चौरस असेल तर तिची बाजू केवळ ६४ मीटर असते. त्यात आपल्याकडे समुद्रसपाटी नाही आणि प्रमाण तापमानही नाही. २,४८७ फुटांवर प्रमाण तापमान १० अंश धरतात. मार्चच्या दुपारी पारा ३४ वर असतो तेव्हा सांबऱ्याची हवा ५,३०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ झालेली असते आणि वेगदर्शकावर ६५ नॉट असताना जमीन ७० नॉटने धावत असते. म्हणून मला एक शेत शोधून चालणार नव्हते. एकापुढे एक असलेल्या सात-आठ शेतांची, मधे उंच बांध नसलेली, वाऱ्याच्या दिशेत लांब अशी पट्टी शोधायची होती. नांगरलेले रान असेल तर तासांना समांतर, आडवे कधीच नाही. आणि वाऱ्यावर तोंड करूनच, कारण जमिनीला टेकताना ४५ नॉटचा वेग आणि ६५ नॉटचा वेग यांतला फरक आकड्यांत वीसचा दिसत असला, तरी आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने मोजतात आणि ती दुपटीहून अधिक होते.

त्यानंतरचे सराव मी थोडक्यात सांगते. निवडलेल्या पट्टीच्या बाजूला, ती डाव्या खिडकीतून दिसेल अशा रीतीने, जमिनीपासून १,००० फुटांवर पोचायचे. म्हणजे अल्टिमीटरवर ३,५००. तिथून वळण घेत, पट्टीचा पहिला तिसरा हिस्सा सोडून पुढच्या बिंदूवर नजर ठेवून यायचे, आणि पोचणार याची खात्री झाल्यावरच फ्लॅप टप्प्याटप्प्याने उतरवून तो बिंदू आपल्याकडे ओढून घ्यायचा. उंची जास्त असेल तर ती खर्चण्याचे उपाय आहेत: फ्लॅप आहेत, नागमोडी वळणे आहेत, आणि रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) एका बाजूला व एलेरॉन (पंखांच्या टोकांकडचे, विमान कलवणारे पट्टे) दुसऱ्या बाजूला देऊन विमान तिरके घसरवण्याची युक्ती आहे, जी आमच्या विमानात २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅप असताना तीव्रपणे वापरू नये असे पुस्तक बजावते. उंची कमी असेल तर मात्र काहीही उपाय नाही. एकदा मी पट्टीच्या अलीकडे पडणार हे मला दिसत होते, आणि माझे हात पुन्हा योक मागे ओढू लागले. नाक वर गेले, क्षणभर शेत जवळ आल्यासारखे वाटले, मग वेग ६० च्या खाली गेला, उतरण अधिक तीव्र झाली आणि शेत खिडकीत वर सरकू लागले. काचेवर वर सरकत जाणाऱ्या ठिकाणी आपण पोचत नाही, खाली सरकणाऱ्या ठिकाणाच्या आपण पलीकडे जातो, आणि स्थिर राहते तिथेच विमान जाऊन पोचते. सर काही बोलले नाहीत, ५०० फुटांवर त्यांनी इंजिन दिले.

उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले तर मागे वळून धावपट्टीवर यावे की समोर उतरावे, या प्रश्नावर मी सरांशी वाद घातला होता, म्हणून त्यांनी तोही मोजायला लावला. ६,५०० फुटांवर धावपट्टी कल्पून चढाई केली, थ्रॉटल ओढला, चार सेकंद काहीही करायचे नाही असा नियम घातला, कारण खऱ्या प्रसंगी माणूस तेवढा वेळ गोठतो, आणि मग वळले. अर्धवर्तुळ पुरत नाही. धावपट्टीच्या रेषेवर परत यायला आणखी वळून पुन्हा उलट वळावे लागते. ३० अंशांच्या कलाने पहिल्यांदा ६४० फूट गेले. ४५ अंशांच्या कलाने, अनेक प्रयत्नांनंतर, माझा सर्वांत चांगला आकडा ४८० होता, आणि तो मला कधी वळायचे हे आधीच ठाऊक असताना. ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, हे लक्षात घेतले की जमिनीपासून ३०० फुटांवर असा प्रयत्न करणे म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक उड्डाणापूर्वी मी मोठ्याने म्हणते: ३,३०० च्या खाली इंजिन गेले तर समोर, डावी-उजवीकडे ३० अंशांच्या आत.

इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न या सगळ्याच्या मधे, हात रिकामे असतील तेव्हा, ठरलेल्या क्रमाने करायचा: इंधनाचा शटऑफ उघडा, टाकी निवडण्याची कळ दोन्ही टाक्यांवर, सहायक पंप चालू, मिक्श्चर (हवेतले इंधनाचे प्रमाण) पूर्ण, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारी यंत्रे) दोन्हीवर. बंद पडलेल्या इंजिनांच्या मागे अनेकदा इंधन न पोचणे किंवा इंधनात पाणी असणे हीच साधी कारणे असतात, म्हणून आमच्या विमानाच्या १३ निचरा ठिकाणांतून रोज सकाळी इंधनाचा नमुना काढून उजेडात धरण्याचे काम मी त्यानंतर कधी घाईत केले नाही. एका पहाटे, रात्री पाऊस होऊन गेल्यावर, नमुन्याच्या तळाशी मला पाण्याचा चण्याएवढा थेंब दिसला होता. तो मी आठ वेळा निचरा करून घालवला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, हुदलीच्या बाजूला ५,००० फुटांवर असताना सर खिडकीतून बाहेर काहीतरी दाखवत बोलत होते आणि बोलता बोलताच त्यांनी थ्रॉटल ओढला. या वेळी माझे हात पुढे गेले. ६८, ट्रिम. पाच हजारांतून अडीच हजार गेले, उरले अडीच हजार, तीन मिनिटे. खाली एका गुऱ्हाळाचा धूर पूर्वेकडे लवंडला होता, म्हणजे वारा पश्चिमेचा, फार जोराचा नाही. पूर्वेला एक काळी, पूर्व-पश्चिम लांब पट्टी दिसत होती, जोंधळ्याची कापणी झालेली, धसकटांच्या ओळी पट्टीच्या लांबीला समांतर. उत्तरेला कडेने खांबांची रांग, ती पट्टी ओलांडत नव्हती. वारा पाठीशी घेऊन मी तिच्या बाजूने गेले, क्रमाने हात फिरवला, मेडेचा, म्हणजे संकटाचा, संदेश प्रसारण न करता तोंडाने म्हटला, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर आणीबाणीचा आकडा ७७०० लावण्याची खूण केली. बाजूला पोचले तेव्हा काटा ३,६५० वर होता, दीडशे फूट जास्त. मी पहिले वळण थोडे लांबवले, १० अंश फ्लॅप दिले, मग २०, आणि काचेवरचा माझा बिंदू हलायचा थांबला. इंधन बंद, मॅग्नेटो बंद, दारांच्या कड्या सैल, हे सारे बोटाने दाखवत म्हणाले. पूर्ण फ्लॅप. धसकटे एकेक दिसू लागली, एक बाई डोक्यावरचा कडबा खाली ठेवून वर पाहत होती. ५०० फुटांवर सर म्हणाले, “इंजिन दे,” आणि मी थ्रॉटल पुढे ढकलून फ्लॅप २० वर आणले.

वर चढताना त्यांनी मला शाबासकी दिली, आणि लगेच विचारले, “पट्टीच्या मधोमध काय होते?” मला सांगता आले नाही.

पुढच्या रविवारी मामा आणि मी त्यांच्या मोटारसायकलवरून ते शेत शोधत गेलो. गुऱ्हाळ सापडले, खांबांची रांग सापडली, आणि मग पट्टी. मी पूर्वेच्या टोकाकडून पावले मोजत निघाले. २९० व्या पावलावर गुडघाभर उंचीचा दगडी बांध होता, वाळलेल्या गवताने झाकलेला, गवताचा आणि धसकटांचा रंग एकच. माझी पावले मी घरी टेपने मोजली होती. २९० पावले म्हणजे सव्वादोनशे मीटर. पट्टीचा एक तृतीयांश भाग सोडून पुढे टेकण्याची जी शिस्त मी पाळत होते, तिने मला या बांधाच्या अगदी तोंडाशी नेऊन टेकवले असते. शेताचे मालक, एक वयस्कर गृहस्थ, बांधावरून चालत आले. जमीन बघायला आलात काय, असे त्यांनी कन्नडमध्ये विचारले. मामांनी त्यांना त्यांच्याच भाषेत सगळे समजावून सांगितले. त्यांनी थोडा वेळ आभाळाकडे पाहिले, आणि मग आम्हाला गाडीवाटेच्या दक्षिणेला नेऊन दुसरे शेत दाखवले. चार भावांचे, वाटणी न झालेले, त्यामुळे मधे एकही बांध नसलेले. मी ते चालून पाहिले: ७२० पावले. वहीत दोन्ही शेते काढली, पहिल्यावर आडवी लाल रेघ मारली, दुसऱ्याच्या कडेला गुऱ्हाळ आणि खांब दाखवले, आणि खाली महिना लिहिला, कारण जूननंतर तिथे सोयाबीन असेल असे त्या वयस्कर मालकांनी सांगितले होते.